गोदामाला कोण देणगी देणार?

कुठे पूर आला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश हमखास येतो. "अमुक संस्थेला मदत करा. तिचा प्रशासकीय खर्च शून्य आहे. तुमचा प्रत्येक रुपया थेट पूरग्रस्तांपर्यंत पोचतो." खाली जोडलेले हात, मग भराभर अंगठे. गेल्या खेपेला मी त्याखाली लिहिलं की, ज्या संस्थेचा असा खर्च खरोखरच शून्य आहे तिला मी एक रुपयाही देणार नाही. झालं! गटावर सामसूम. थोड्या वेळाने भाच्याचा फोन. "आत्या, अगं काय लिहून बसलीस? पगार खाणाऱ्या संस्थांची बाजू घेतेस?"

हो, घेते. चोरांची नाही, पण पगार घेऊन नीट काम करणाऱ्यांची जरूर घेते. फोनवर ते धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहायला बसले आहे. ज्यांना राग येईल त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं आणि मग खुशाल भांडावं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. संकट आल्यानंतरच्या धावपळीला आपण 'मदत' म्हणतो आणि संकटाआधीच्या तयारीला 'खर्च' म्हणतो. मदतीला आपण पैसे देतो, खर्चाला नाकं मुरडतो. प्रत्यक्षात माणसांचे जीव वाचतात ते मुख्यतः तयारीमुळे. धावपळीमुळे जे वाचले त्यांची सोय होते. तीही तयारी असेल तरच. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे आपण पोरांना म्हणीतून शिकवतो, पण देणगी देताना मात्र खणतानाची विहीर दिसली पाहिजे, घाम दिसला पाहिजे, शक्य तर फोटोही आला पाहिजे.

एक उदाहरण सविस्तर सांगते. ते शेजारच्या देशाचं आहे, कारण त्याहून स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

१२ नोव्हेंबर १९७०. आजचा बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता. भोला बेटाच्या परिसरावर रात्री चक्रीवादळ आलं आणि समुद्र आत घुसला. किती माणसं गेली याचे अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत आहेत. वादळ येतंय याची कल्पना हवामान खात्याला होती, रेडिओवरून सूचनाही गेली होती. पण ज्याने ती ऐकायची त्याच्याकडे रेडिओ नव्हता. ज्याच्याकडे रेडिओ होता त्याला 'मोठा धोका' म्हणजे नेमकं काय करायचं ते उमगलं नाही. आणि ज्याला उमगलं त्याला पळून जायला उंच जागाच नव्हती. सपाट चिखलाची बेटं ती, जाणार कुठे?

पुढे १९७२ मध्ये रेड क्रॉसने तिथे चक्रीवादळ पूर्वतयारीचा एक कार्यक्रम सुरू केला. १९७३ पासून बांगलादेशचं सरकार आणि तिथली रेड क्रेसेंट संस्था तो मिळून चालवतात. काय आहे त्यात? विमानं नाहीत, हेलिकॉप्टरं नाहीत. किनाऱ्यावरच्या गावागावांत तिथलेच स्वयंसेवक निवडायचे, त्यांना शिकवायचं, आणि त्यांच्या हाती मेगाफोन, हाताने फिरवायचा भोंगा, बॅटरी, रेडिओ, रेनकोट, प्रथमोपचाराची पेटी द्यायची. धोक्याच्या पातळीप्रमाणे गावात एक, दोन किंवा तीन झेंडे लावायचे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही झेंडे मोजता येतात. एका तुकडीत वीस जण. कुणी सूचना द्यायची, कुणी माणसं निवाऱ्यात न्यायची, कुणी शोध घ्यायचा, कुणी जखमींकडे बघायचं, हे आधी ठरलेलं. आज असे सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांतल्या निम्म्या बायका आहेत.

बायका निम्म्या का, यालाही कारण आहे. एप्रिल १९९१ मध्ये पुन्हा भयंकर वादळ आलं. तेव्हा सूचना पोचली होती, पण निवारे फार थोडे होते. सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं गेली आणि त्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतं. पुरुषांच्या गर्दीत निवाऱ्यात रात्र कशी काढायची, नवरा घरी नसताना घर सोडायचं कसं, पोरं आणि कोंबड्या टाकून जायचं कसं, असल्या विचारात वेळ गेला. साड्यांनी पोहणं अशक्य केलं. हे कुठल्याही उपग्रहाला दिसत नाही. ते दिसायला त्या गावातली बाई लागते, जी दुसऱ्या बाईच्या दारात जाऊन सांगेल, "चल, मी पण येतेय, बायकांची खोली वेगळी आहे."

गुरांचंही तसंच. माणूस निवाऱ्यात जाईल, पण गाय सोडून जाणार नाही. तीच त्याची पुंजी. म्हणून तिथे मातीचे मोठाले उंच भराव घातले, गुरं नेऊन बांधायला. त्या भरावाला तिथे चक्क 'किल्ला' म्हणतात! आणि निवारे बांधले ते बरेचसे खांबांवर उभ्या केलेल्या प्राथमिक शाळा म्हणून. एरवी मुलं शिकतात, वादळात गाव चढून बसतं. एक जुनी शिक्षिका म्हणून मला यातली हुशारी फार आवडते. नुसता निवारा बांधून कुलूप लावला असता तर पाच वर्षांत दारं-खिडक्या गायब झाल्या असत्या. शाळा असली की इमारतीवर रोज कुणाची तरी नजर राहते.

आता पुढचे आकडे बघा. नोव्हेंबर २००७ मध्ये 'सिद्र' आलं. ते काही लहान वादळ नव्हतं. मृत्यू सुमारे ३४०० झाले. मे २०२० मध्ये 'अम्फान' आलं, तेही करोनाच्या काळात. बांगलादेशात सुमारे २४ लाख माणसं आधीच हलवली गेली आणि तिथले मृत्यू तिसाच्या आत राहिले. प्रत्येक वादळ वेगळं, भरती-ओहोटीची वेळ वेगळी, किनाऱ्याचा भाग वेगळा, तेव्हा चौथीच्या गणितासारखी थेट वजाबाकी करता येत नाही हे मला कळतं. तरीही लाखांतून हजारांवर आणि हजारांतून दहा-वीसांवर उतरलेला आकडा नुसत्या नशिबाने उतरत नाही.

आपल्याकडेही हे झालंय. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात जवळजवळ दहा हजार माणसं गेली. त्यानंतर राज्याने आपत्ती व्यवस्थापनाची वेगळी यंत्रणा उभी केली, निवारे बांधले, गावोगाव माणसं तयार केली, दरवर्षी रंगीत तालमी घेतल्या. २०१३ मध्ये 'फायलिन' आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली आणि मृत्यू पन्नासाच्या आत राहिले. २०१९ मध्ये 'फनी'च्या वेळी बारा लाख माणसं हलवली. तेव्हा ओडिशात ६४ जण गेले. ओडिशा काही श्रीमंत राज्य नव्हे. महाराष्ट्रापेक्षा गरीबच.

आता भाच्याला माझा प्रश्न आहे. मेगाफोनचे सेल बदलायचे, दरवर्षी उजळणी घ्यायची, भोंग्याला तेल घालायचं, स्वयंसेवकांची यादी ताजी ठेवायची (कुणी शहरात गेलं, कुणी म्हातारं झालं), आणि हे सगळं होतंय ना हे बघत मोटरसायकलवरून गावं हिंडणाऱ्या माणसाला दरमहा पगार द्यायचा. हे सगळे पैसे जमाखर्चात कुठे दिसतात? पगार, प्रवास, प्रशिक्षण, छपाई, देखभाल. म्हणजे तुझ्या मते ज्यात एक रुपयाही जाता कामा नये अशा जागी! न बुडालेल्या माणसाचा फोटो निघत नाही ही खरी अडचण आहे. हेलिकॉप्टरमधून पाकिटं टाकतानाचा फोटो निघतो. मग संस्था तरी काय करतील? देणाऱ्याला जे बघायला आवडतं तेच दाखवायला त्या शिकतात.

गोदामाचंच घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न कार्यक्रमाने २००० मध्ये इटलीत ब्रिंडिसी इथे आणीबाणीच्या सामानाचं मोठं कोठार सुरू केलं. पुढे दुबई, पनामा, मलेशिया असं त्याचं जाळं झालं. तिथे ताडपत्र्या, ब्लँकेटं, पाणी साठवायचे कॅन, भांड्यांचे संच, मच्छरदाण्या, पाणी शुद्ध करायचं सामान तयार ठेवलेलं असतं. ताडपत्री म्हटली की सहा मीटर बाय चार मीटर, ठरलेल्या जाडीची. आपल्याला वाटेल, ताडपत्रीत कसलं आलंय शास्त्र! पण संकटाच्या दुसऱ्या दिवशी बाजारात गेलात तर भाव तिप्पट झालेला असतो आणि मिळते ती पंधरा दिवसांत उन्हाने फाटणारी. म्हणून शहाण्या संस्था व्यापाऱ्यांशी आधीच दराचा करार करतात. गोदामातलं औषध मुदत संपायच्या आधी फिरवावं लागतं, ताडपत्र्या उंदरांपासून सांभाळाव्या लागतात, दर महिन्याला कुणीतरी मोजणी करावी लागते. त्या मोजणाऱ्याला पगार लागतो. गोदामाला भाडं लागतं. गोदामाला देणगी द्या असं आवाहन कुणी केलं, तर आपल्यापैकी किती जण पाकीट काढतील?

आणि ही सगळी मोजमापं कुणी कार्यालयात बसून हौसेने काढलेली नाहीत. १९९४ मध्ये रुआंडातल्या हत्याकांडानंतर लाखो माणसं सीमा ओलांडून गोमा इथे येऊन पडली. जगभरच्या संस्था तिथे धावल्या. तरी पहिल्या महिनाभरात कॉलरा आणि हगवणीने सुमारे पन्नास हजार माणसं गेली. कळकळीत कुणी कमी नव्हतं. पाणी, संडास आणि एकमेकांशी मेळ यांत सगळेच कमी पडले. त्या धक्क्यातून १९९७ मध्ये मदतसंस्थांनी एकत्र येऊन 'स्फिअर' नावाने किमान निकष ठरवायला घेतले. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. वीस माणसांमागे एक संडास, बायकांचा वेगळा, आतून कडी लागणारा, रात्री वाटेवर उजेड असलेला. डोक्यावर छप्पर असलेली जागा माणशी किमान साडेतीन चौरस मीटर. वाचायला किती रुक्ष! पण आतून कडी लागत नाही म्हणून रात्रभर पोट आवळून बसणाऱ्या मुलीला विचारा, की हा निकष रुक्ष आहे का.

आता दुसरी बाजू. तयारी नसताना नुसती कळकळ ओतली तर काय होतं?

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इंडोनेशियातला आचे प्रांत सर्वांत जास्त उद्ध्वस्त झाला. जगाने तिथे औषधं पाठवली. किती? सुमारे चार हजार टन, वीस लाखांहूनही कमी वस्तीसाठी. पुढे एका फ्रेंच औषधतज्ज्ञांच्या संस्थेने पाहणी केली तेव्हा दिसलं की बहुतांश औषधांवरची लेबलं तिथल्या लोकांना न कळणाऱ्या भाषांत होती, आणि निम्म्याहून जास्त औषधं तिथल्या आवश्यक औषधांच्या यादीतच नव्हती. कित्येक टन माल शेवटी नष्ट करावा लागला आणि त्यालाही पैसे लागले. औषध जाळणं म्हणजे पालापाचोळा पेटवणं नव्हे. वाईट याचं वाटतं, की जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्येच नियम सांगून ठेवले होते: मागितलं तेच पाठवा, कळेल अशा भाषेत लिहा, पोचल्यावर निदान वर्षभराची मुदत उरलेली असू द्या. आठ वर्षांनंतरही लोक आपापली कपाटं रिकामी करत होते.

त्याच त्सुनामीत आपल्या तामिळनाडूत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते. कोळ्यांच्या वस्तीला लोकरीचे स्वेटर आणि फाटक्या पँटी! कोळी माणसं गरीब झाली होती, भिकारी नव्हे. त्यांनी त्या ढिगांना हात लावला नाही. 'गूंज' या संस्थेने त्यांतले पुष्कळ कपडे नंतर नेऊन निवडले आणि कामाला लावले. पण तेही निवडायला माणसं, जागा, वाहतूक आणि पैसा लागलाच. फुकट काही नव्हतं.

आणि लांब कशाला जायचं? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा मिरजेत एका संकलन केंद्रावर आम्ही काही निवृत्त शिक्षिका कपडे निवडायला बसत होतो. काय काय निघालं म्हणून सांगू! एका पायाची चप्पल. ब्लाऊजशिवाय साड्या आणि परकराशिवाय साड्या. लग्नातला कोट. नेकटाय, एक नव्हे, सात. न धुतलेली अंतर्वस्त्रं, ज्यांना हात लावायला आमच्यातली सर्वांत सोशिक बाईसुद्धा तयार होईना. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या एका गावातून एक गृहस्थ ट्रॅक्टर घेऊन आले. "बाई, खराटे आहेत का? फावडी? फिनेल? घरात गुडघाभर गाळ आहे. आणि गुरांना चारा कुठे मिळेल?" आमच्याकडे कपड्यांच्या दीडशे गोण्या होत्या आणि खराटा एक, तोही केंद्र झाडायचा. त्यांनी तो नेला नाही. ट्रॅक्टर रिकामा परत गेला.

त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावी पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली. तिच्यात झेपेल त्याहून जास्त माणसं होती. डझनाहून अधिक जण बुडाले. त्यांत बायका आणि मुलं होती. तिकडे जिल्ह्याच्या रस्त्यांवर मदतीचे ट्रक रांगा लावत होते आणि इकडे गावाला आदल्या महिन्यात हवी होती ती आणखी एक बोट, पुरेशी जॅकेटं आणि "आता बास, पुढच्या फेरीला" असं ठामपणे म्हणणारा एक शिकवलेला माणूस. त्यासाठी जूनमध्ये कुणी वर्गणी मागितली असती तर आपण दिली असती का? प्रामाणिकपणे उत्तर द्या.

त्याच वर्षी मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवल्यावरून गदारोळ झाला होता. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा पुन्हा तेच. आपण त्यांना हसलो, शिव्याही दिल्या. पण स्टिकर लावणारा नेता आणि "माझा रुपया थेट पूरग्रस्ताच्या हातात पडलेला मला दिसला पाहिजे" म्हणणारा देणगीदार यांच्यात अंतर किती? दोघांनाही पाकिटावर आपलं नाव हवंय. एकाचं छापील, एकाचं मनातलं.

आता आक्षेप. भाचा म्हणतो, "आत्या, खर्चाच्या नावाखाली संस्था पैसे खातात त्याचं काय?" खातात. काही निश्चित खातात. पण टक्केवारीवरून चोर सापडत नाही. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. अमेरिकन रेड क्रॉसकडे त्यासाठी जवळजवळ पन्नास कोटी डॉलर जमले. डॉलरमधले ९१ सेंट कामावर जातात असं ती संस्था सांगत असे. २०१५ मध्ये दोन अमेरिकन वृत्तसंस्थांनी शोध घेतला तेव्हा दिसलं की तिने उभारलेली कायमची घरं सहा होती. साठ नव्हे, सहाशे नव्हे, सहा. संस्थेने आपली बाजू मांडली: इतर कामं झाली, जमिनीच्या मालकीचे घोळ होते, पैसे इतर संस्थांमार्फतही गेले. ते काहीही असो. टक्केवारी देखणी होती आणि घरं सहा होती, हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं. कारण पैसा दूरदर्शनवरची दृश्यं बघून काही आठवड्यांत कोसळला, आणि तो खर्च करायला लागणारी स्थानिक माणसं, ओळखी, भाषा आणि जमिनीची माहिती मात्र विकत मिळत नाही. ती वर्षानुवर्षं आधी कमवावी लागते. म्हणजे पुन्हा तयारीच.

दुसरा आक्षेप असा, की "हे सरकारचं काम आहे." आहेच. आणि मौज अशी की सरकारला उशिरा का होईना हे थोडंसं कळलंय. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची विभागणी सांगितली तीत शंभरातले वीस रुपये धोका आधीच कमी करण्याच्या कामांसाठी आणि दहा रुपये पूर्वतयारी व प्रशिक्षणासाठी वेगळे काढले. कमी आहेत, पण वेगळे आहेत. दुसरीकडे, २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली आणि एका संस्थेने असा पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. चोरांना चाप बसावा म्हणून केलं असेल. पण यात मार बसला तो नदीकाठच्या छोट्या संस्थेला, जिच्याकडे दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थेकडून चार पैसे येत आणि ज्यांतून ती दोन कार्यकर्त्यांचे पगार भागवत असे. पुरात सर्वांत आधी पोचणारी माणसं तीच. 'पगार म्हणजे लबाडी' हा समज आपल्या गटावरून थेट कायद्यात जाऊन बसला, असं मला वाटतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकायला मिळतो. "काहीच न देण्यापेक्षा काहीतरी दिलेलं बरं ना?" नाही! नको असलेली वस्तू येताना रस्ता अडवते, ट्रक अडवते, माणसं अडवते. नागपट्टणमच्या रस्त्यावरचा ढीग कुणाला तरी उचलावा लागलाच. देणाऱ्याचं मन हलकं झालं आणि घेणाऱ्याच्या दारात कचरा वाढला, याला मदत म्हणायचं असेल तर घंटागाडीलाही मदतसंस्था म्हणू या.

घेणाऱ्याला काय हवंय ते तोच जाणतो. म्हणून आता जगभरच्या संस्था जिथे बाजार चालू आहे तिथे वस्तूंऐवजी रोख रक्कम देऊ लागल्या आहेत. ज्याला खराटा हवा तो खराटा घेईल, ज्याला चारा हवा तो चारा घेईल, ज्याला मुलीची वह्या-पुस्तकं हवीत तो ती घेईल. बांगलादेशात जुलै २०२० मध्ये तर त्याच्याही पुढे पाऊल पडलं. जमुनेला मोठा पूर येणार असा अंदाज आल्याबरोबर, पाणी शिगेला पोचायच्या आधीच, संयुक्त राष्ट्रांच्या आणीबाणी निधीतून ५२ लाख डॉलर मोकळे केले गेले. पूर यायच्या आधी मदत! माणसाला होडीचं भाडं देता आलं, गुरं हलवता आली. "गरीब माणूस रोख पैसे उडवेल" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की तुमचं घर बुडालं तर तुम्ही पहिल्या पाचशे रुपयांत काय घ्याल? तो तेच घेईल.

तेव्हा मंडळी, माझी मागणी साधी आहे. पूर आल्यावर नव्हे, मे महिन्यात द्या. दरवर्षी द्या, थोडे द्या, पण न चुकता द्या. कारण स्वयंसेवकाची उजळणी दरवर्षी होते. देताना संस्थेला "तुमचा प्रशासकीय खर्च किती टक्के?" हे विचारू नका. विचारा, की तुमचं गोदाम कुठे आहे आणि शेवटची मोजणी केव्हा झाली? गावात तुमची शिकवलेली माणसं कोण, आणि त्यांत बायका किती? मागच्या संकटात तुमचं काय चुकलं आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं? तिसऱ्या प्रश्नाला "काहीच चुकलं नाही" असं उत्तर आलं तर पाकीट खुशाल मिटा. ज्यांना उत्तरं देता येतात त्यांना पैसे द्या, आणि ते पगाराला वापरा, भाड्याला वापरा, मेगाफोनच्या सेलला वापरा असं पावतीवर लिहून मागा. जमाखर्च मात्र दरवर्षी न लाजता बघायला मागा. विश्वास आणि हिशेब यांचं काही वैर नाही.

बैल गेल्यावर झोपा करणाऱ्याला आपण हसतो. पण झोप्याला वर्गणी मागायला आलेल्या माणसाला "बैल कुठेय, आधी दाखव" म्हणणारे आपणच आहोत. पुढचा पावसाळा कधी येणार हे सांगायला हवामान खातं लागत नाही. तो जूनमध्ये येतो.

ता.क. - कपाटातले जुने कपडे द्यायचेच असतील तर पुराची वाट बघू नका. वर्षभर कपडे घेणाऱ्या संस्था आहेत, त्यांना आधी विचारा. धुऊन द्या, इस्त्री करून द्या, साडीबरोबर परकर-ब्लाऊज द्या, चपला जोडीने द्या. आणि नेकटाय कृपया स्वतःकडेच ठेवा.